ओरिजिनल नाही हं!

मुलीला फुटबॉलला सोडून घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही, आणि आत पायऱ्यांवर बसून तिचा खेळ बघायला माझी छाती पुरत नाही. म्हणून गेलं वर्षभर मी मैदानाच्या गेटवर बसते. आणि गेटवर बसणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. वाळल्या गवतातून चालून आलं की सलवारीला कुसळं चिकटतात ना, तसे ते घरी आल्यावर सापडतात. मग भाजी निवडता निवडता एकेक काढत बसायचं!

आधी मंडळींची ओळख. गेटच्या डाव्या हाताला शकीलभाई. दोन झाडांना दोरी बांधून जर्सी विकतात. ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल, सगळे देश एका दोरीवर, चिमट्यांनी अडकवलेले. शेजारी चादर पसरून मंदाताई. शिट्ट्या, झेंडे, मनगटाचे पट्टे. दोघांच्या मधे एक प्लास्टिकचं स्टूल, त्यावर मी. एम.एस्सी., बी.एड. मुलगी झाल्यावर शाळेतली नोकरी सोडली, त्यामुळे काळजी करायला फुल टाइम मिळाला.

आणि आत माझी यशू. यशोधरा. वय आठ.

आत म्हणजे कशी, तर सगळ्या पोरांत एकटी पोरगी. सरावाला धावायचं, आणि मॅचच्या दिवशी बाहेर बसून इतरांच्या बाटल्या भरायच्या. एकदा घरी येऊन ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या सरांनी सांगून टाकलं, "मुलींची स्पर्धा आहे. सात मुली जमल्या तर टीम उतरवतो. सहा नाही चालणार, सात."

यशूनं घरच्यांचा नाद सोडला आणि थेट गेटवरच्या लोकांना साकडं घातलं.

* * *

शकीलभाईंची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. मी जर्सीचं कापड बोटांत धरून विचारलं, "हे ओरिजिनल आहे का?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ओरिजिनल तर तो खेळाडू आहे. जर्सी त्याची पण धुवायलाच जाते."

मी म्हटलं, "पण ह्याचा रंग जाईल ना?"

"हौ, जाईल की. पण पोरगी खेळली तर मातीचा चढेल!"

घेतली. काय करणार?

* * *

शकीलभाई नमाजला गेले की दुकान सांभाळायचं काम स्टुलावर जो बसला असेल त्याचं. हा इथला नियमच. पहिल्यांदा माझ्यावर पाळी आली तेव्हा मला घाम फुटला. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं बोलायचं तारतम्य नाही!

एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोरगा दहा नंबरच्या जर्सीवर लट्टू. मी म्हटलं, "ओरिजिनल नाही हं! पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा. नंबरवर इस्त्री फिरवू नका, इस्त्रीलाच चिकटून येईल. आणि काखेत शिवण जरा कच्ची आहे." गृहस्थांनी हात जोडले आणि पोराला ओढत घेऊन गेले. पोरगं क्रांती चौकापर्यंत रडत गेलं असणार.

शकीलभाई परत आले. "क्या मॅडम, किती गेल्या?"

"गेली एकही नाही," मी म्हटलं, "पण दुपारी घेऊन गेलेला एक जण परत देऊन गेला."

मंदाताई हसून हसून चादरीवर आडव्या! म्हणाल्या, "बाई, तुमच्याच्यानं हे व्हायचं नाय. तुम्ही नका बोलू. नुसतं गिऱ्हाइकाकडं बघून हसा."

दुसऱ्या दिवशी मी एकही शब्द न बोलता एका बाईंकडं बघून हसले. त्या घाबरून म्हणाल्या, "काय होतंय ताई? पाणी देऊ का?"

* * *

माझ्या पर्समध्ये काय काय असतं हे सांगायला मला लाज वाटते. कापूस, पट्ट्या, जखमेचं मलम, ग्लुकोज, बर्फाची पिशवी, दोन थर्मामीटर. (एक बिघडला तर?) यशूला काही होईल म्हणून आणते, पण यशूला काही होत नाही, इतर सगळ्यांना होतं. हळूहळू सरच पोरांना सांगायला लागले, "लागलं का? जा, गेटवर मॅडमकडं जा."

एकदा मी स्टुलावर पट्ट्यांची पाकिटं मांडून एका पोराचा गुडघा पुसत होते. एक काका थांबले, निरखून बघितलं आणि विचारलं, "ही पट्टी कशी दिली?"

मी तोंड उघडायच्या आत मंदाताई: "कंच्या टीमची पायजे? ब्राझीलची संपली!"

* * *

विलायतेतला कुठलासा क्लब आहे, जर्सी अगदी गडद निळी. एरवी कुणी ढुंकून बघत नाही. पण एप्रिल लागला की दोरीवर टिकत नाही. औरंगपुऱ्यातून पोरं गटागटानं येतात, "भाई, निळी द्या," एवढंच म्हणतात. नंबर कुठला, नाव कुणाचं, काही नाही. आमच्या घरातच चार आल्या. माझ्या नवऱ्याला गोल कुठल्या बाजूला करायचा ते माहीत नाही, पण त्यानं दोन घेतल्या. एक स्वतःला, एक माझ्या सासऱ्यांना!

शकीलभाईंनी मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याला फोन करून आणखी दोन गठ्ठे मागवले. फोन स्पीकरवर होता. तिकडचा शेठ चक्रावून गेला. "अरे शकील, मुंबईत ह्या क्लबचे एवढे फॅन नाहीत. तुमच्याकडं आहे काय एवढं?"

शकीलभाई म्हणाले, "शेठ, आमच्याकडं चौदा एप्रिल आहे!"

* * *

आता मुलींचं. शकीलभाईंची पद्धत अशी: कुणी आई मुलासाठी जर्सी घ्यायला आली आणि बरोबर बहीण असली, की मुलाच्या अंगाला जर्सी लावायचीच नाही. "मॅडम, पोरगा हलतोय, माप येत नाही. जरा बेबीच्या अंगात घालून बघतो, दोघं सारखेच दिसतात." बेबीच्या अंगात जर्सी गेली की ती काढायला तयार नसते. मग आईची समजूत मंदाताई काढणार, आणि यशू आतून धावत येऊन विचारणार, "तुला पळता येतं का?"

अशा तीन मुली मिळाल्या. दोघी मंदाताईंच्या गल्लीतल्या. यशू धरून सहा झाल्या.

आणि तिथं गाडी अडली ती अडलीच. सर म्हणाले, "परवापर्यंत सातवी नाही आली तर ह्या वर्षी राहू दे." यशू जेवेना. खरं सांगते, मी वरवर "येईल गं बाळा" म्हणत होते आणि आतून मला हायसं वाटत होतं. टीम नाही म्हणजे मॅच नाही, मॅच नाही म्हणजे समोरून अंगावर धावून येणाऱ्या दांडगट पोरी नाहीत. आई म्हणून मला स्वतःला फार तर काठावर पास करता येईल.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा नातवासाठी झेंडा घ्यायला आले. बरोबर नात, दोन वेण्या. चपला काढून मंदाताईंच्या चादरीवर टेकले. मंदाताईंनी विषय काढताच म्हणाले, "पोरीची जात. ती काय फुटबॉल खेळणार?"

मंदाताई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या चपला कुठं हायत ते बघा आधी."

दोन्ही चपला नाल्याच्या पलीकडं! आणि नात तिसरं काही लाथाडायला मिळतंय का ते शोधत होती.

आजोबा जरा विरघळले. मग नेमके माझ्याकडं वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. खरं सांगा, लागतं का ह्यात पोरींना?"

शकीलभाईंनी मला मागून खुणा केल्या. हसा, नुसतं हसा! पण मला कुठलं जमतंय? मी म्हटलं, "लागतं. गुडघे तर रोजच फुटतात. ओठ फुटतो. बॉल पोटात बसला की श्वास अडकतो. मागच्या आठवड्यात एकाचं नख निघालं. मला तर रोज वाटतं, उद्यापासून नको."

शकीलभाईंनी कपाळाला हात लावला.

आजोबा म्हणाले, "आणि तरी रोज आणता?"

मी म्हटलं, "हो."

"मग घ्या आमच्या पोरीलापण," असं म्हणून ते चपला शोधायला गेले.

सातवी मुलगी मी मिळवली. मी! घरी जाताना स्कूटी चालवत मी स्वतःलाच विचारत होते, बाई, हे काय करून बसलीस?

* * *

शकीलभाई कुठल्या टीमचे, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. टीव्हीवर मोठी स्पर्धा सुरू होती तेव्हा पोरं रोज छळायची. "भाई, सांगा ना, तुमची टीम कंची?"

"जी हरेल ती."

"असं कसं?"

"अरे, जिंकणाऱ्याचा माल तुम्ही घेऊन जाता. हरणाऱ्याचा माझ्या घरी राहतो. आमची बेगम त्याच्यावरच पाठ टेकते. सांगा, घरचं कोण झालं?"

त्या स्पर्धेत पिवळी टीम हरली आणि पिवळ्या जर्सींचा अख्खा गठ्ठा घरचा झाला. त्यातल्या लहान मापाच्या सात त्यांनी आमच्या मुलींना दिल्या. "उरलेला गठ्ठा?" मी विचारलं. "मेव्हण्याला दिला. तो बाहेरगावी लावतो," ते म्हणाले. कुठं लावतो हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही!

* * *

तर मॅचचा दिवस. मैदान आमचंच, समोर बीडच्या मुली. मी त्या दिवशी स्टूल सोडून पहिल्यांदा आत गेले, पर्ससकट.

आमच्या सातजणी मैदानात उतरल्या. पिवळ्याधमक. बीडच्या सातजणी उतरल्या. पिवळ्याधमक! तोच गठ्ठा, तेच नंबर, छातीवर तोच जरासा वाकडा तारा.

सरांनी शकीलभाईंकडं बघितलं. शकीलभाई आभाळाकडं बघायला लागले. एवढंच पुटपुटले, "मेव्हणा बीडला लावतो वाटतं."

पंच म्हणाले, "दोन्ही टीम सारख्या, मी ओळखू कुणाला? यजमानांनी बदलायचं. दुसरा ड्रेस आहे?"

नव्हता. शकीलभाई दोरीकडं धावले. एका रंगाच्या, लहान मापाच्या सात? सगळे देश उलथेपालथे केले, तीनच्या वर जमेनात. पंचांनी घड्याळ बघितलं. "नसेल तर मला समोरच्यांना विजयी ठरवावं लागेल."

यशूचा चेहरा बघितला. रडत नव्हती. बाटल्या ठेवल्या होत्या त्या कोपऱ्याकडं बघत होती.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उलट्या घातल्या तर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, बोलले काहीतरी खुळ्यासारखं. पण आता थांबता येईना. "म्हणजे, मी उन्हात कपडे उलटे करून वाळत घालते. ही जर्सी... ओरिजिनल नाही ना, रंग वरूनच छापलाय. आतून पांढरी आहे."

मंदाताईंनी चादर ओढली, चारी कोपरे चार आयांनी धरले, आणि आडोशातून दोनच मिनिटांत सात पांढऱ्याशुभ्र मुली बाहेर आल्या! शिवणी बाहेर, लेबलं मानेवर फडफडताहेत.

पंच चष्मा वर करून म्हणाले, "नंबर उलटे दिसतात."

सर म्हणाले, "मुली सुलट्या खेळतील, साहेब."

पंच हसले आणि शिट्टी वाजली. गेटवरून शकीलभाईंचा आवाज अख्ख्या मैदानात घुमला, "देख लो! एकात दोन जर्सी! आहे का तुमच्या ओरिजिनलमध्ये?"

मॅच मी बोटांच्या फटीतून बघितली. आम्ही दोन गोलनी हरलो. दोन वेण्यावालीनं एक गोल मारला, तेव्हा आजोबा अनवाणीच नाचले. यशूच्या पोटात एकदा बॉल बसला. मी पर्स उघडून उठले, तोवर ती उठून पळालीसुद्धा होती.

संध्याकाळी स्कूटीवर ती माझ्या पुढ्यात उभी. क्रांती चौकात सिग्नल लागला. नजर तिच्या बाहीवर गेली. लहान मापाची असूनही जर्सी तिला मोठी होत होती, म्हणून मी बाह्या आत दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं टीप मारली होती. पण ही टीप लाल दोऱ्याची होती. हाताची, बारीक, अगदी जवळजवळ घातलेले टाके.

"यशू, ही तुझी जर्सी नाहीये!"

"हो ना," ती समोर बघतच म्हणाली. "माझी बीडला गेली. जिच्याशी बदलली तिला मी सांगितलंय, टीप उसवू नको, आईला विचारल्याशिवाय."