कोलंबी सोलायचे मोजे

मी माझ्या नातीला संगणकाच्या तासाला रबरी मोजे घालून पाठवलं होतं. पिवळे. कोलंबी सोलायचे. कोपरापर्यंत येणारे.

हसा. मीही हसते. तेव्हा मी लहान होते, अवघी बासष्ट वर्षांची. अक्कल यायची होती.

आमच्या गावच्या शाळेत नववीपासून आयटी हा विषय सुरू झाला. शाळेतच कामाचं शिक्षण, बारावीपर्यंत पोरांच्या हातात नोकरीजोगं कसब, असं संगणकाच्या सरांनी पालकसभेत सांगितलं. पोरीचा बाप बोटीवर, आई बंदरावर, म्हणून सभेला मी. पोरीने पहिल्याच दिवशी नाव दिलं. तिचं एकच म्हणणं, "आजी, मना टोपली न्हाय उचलायची."

"नको उचलू," मी म्हटलं. आणि रोज सकाळी शाळेआधी तिच्यापुढे सोलायला कोलंबीचा ढीग ओतत राहिले. इतकी मी शहाणी.

दुसऱ्याच आठवड्यात सरांनी कोळीवाड्यातल्या तिन्ही मुलींना मागच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथे संगणक नव्हता. मग मला बोलावून घेतलं. रुमाल नाकाशी धरून म्हणाले, "मावशी, राग मानू नका. मुलींच्या हाताला वास येतो. कीबोर्डला बसतो तो. बाकीच्या मुलांनाही तिथेच हात लावायचा असतो."

राग? राग कुठला. मला लाज वाटली. माझेच हात मी पदराखाली लपवले आणि म्हटलं, "बरोबर हाय सर."

बरोबर हाय! ही जीभ तेव्हा झडली कशी नाही.

घरी येऊन पोरीचे हात घासले. लिंबू, राख, पुन्हा लिंबू. कातडी लाल झाली. एवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मोजे काढले. घातले तिच्या हातात. "आता बगू कसा वास येतो!" स्वतःच्या हुशारीवर मी खूश.

वर्ग हसला. सर जास्त हसले. फोटो काढला म्हणे मोबाइलवर. पोरगी घरी आली, मोजे माझ्या टोपलीत टाकले आणि पाठ करून झोपली. जेवली नाही. मला वाटलं, मोजे मोठे झाले असतील.

त्यानंतर तिघी मागेच राहिल्या. बाकीची मुलं टाइप करायला, तक्ते बनवायला शिकत होती. सरांनी तिघींना सांगितलं, वहीत कीबोर्डचं चित्र काढा. पेन्सिलीने, एकेक बटण, अक्षरासकट. पोरीने इतकं सुबक काढलं की मी ते पान वहीतून फाडून देवाच्या फोटोशेजारी लावलं. शेजारणीला दाखवलं, "आमची बाय कम्पुटर शिकते."

शेजारणीने मान वाकडी करून बघितलं. "याची वायर कुठं लावायची गो?"

मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. तिच्याशी! ज्याच्याशी बोलणं टाकायला हवं होतं, त्याच्या घरी मात्र दर रविवारी मागच्या दाराने म्हावरं पोचवत होते. हलवा, सुरमई, चांगले मासे निवडून. सर मान राखतील, पोरीला मशीन देतील, ही आशा. सर दारात येऊन म्हणायचे, "मावशी, म्हावरं घ्यावं तर तुमच्याच हातचं."

माझ्याच हातचं. ऐकत होते ना मी? ऐकत होते. तरी डोक्यात शिरत नव्हतं.

परीक्षेला महिना उरला. बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकाला मशीनवर बसवून काम करून घेणार. नापास झालं तर दहावीला हा विषय नाही, हे सरांनीच सांगितलेलं. पोरीने बटणाला अजून बोट लावलेलं नव्हतं. त्या रविवारी मी ठरवून गेले, आज हात जोडून विचारायचं.

दार उघडं होतं. सर जेवायला बसलेले. ताटात माझीच सुरमई, तळलेली. ताटाला चिकटून लॅपटॉप. सरांनी काटा चोखला, ताटात टाकला, बोट चाटलं आणि त्याच बोटाने बटणं दाबायला लागले. टक. टक. टक. बटणांवर मसाल्याचं तेल चमकत होतं. मध्येच पुन्हा तुकडा मोडला. पुन्हा टक टक.

मला किळस आली. माशाची नव्हे. माशात माझा जन्म गेला. त्या चाटलेल्या बोटांची. आणि त्याहून जास्त किळस आली त्या बाईची, जी पदराखाली हात लपवून "बरोबर हाय सर" म्हणाली होती.

मी आत गेले. त्या घरात पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. टोपलीच्या तळाशी ते मोजे अजून होते. काढले, सरांच्या ताटाशेजारी ठेवले.

"घाला," मी म्हटलं. "मशीनला वास बसंल."

"मावशी, काय हे? जेवताना?"

"जेवतानाच दिसलं मना. उद्या आमच्या तिगी पोरी मशीनवर बसतील. न्हायतर टोपली घेऊन मी वर्गात बसनार. झाकन न लावता."

आणलेलं म्हावरं उचलून परत आणलं. मागच्या नाही, पुढच्या दाराने.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संगणकाच्या खोलीच्या दारात बसले. टोपलीत ताजे बोंबील. सर नियम सांगू लागले. मी म्हटलं, "पालक हाय मी." शाळेच्या मोठ्या बाई आल्या, टोपली बघितली, मला बघितलं, सरांना म्हणाल्या, "बसवा मुलींना."

पोरगी बसली. कागदावर सगळं पाठ होतं तिचं. पण कागदाचं बटण आत जात नाही, खरं जातं. तिने दाबलं ते दाबूनच धरलं. एकच अक्षर ओळभर पळत सुटलं. मागून खिदळणं ऐकू आलं. पोरीने मान वळवली नाही. एकेक अक्षर पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

घरी आल्यावर मी शाबासकीची वाट बघत बसले. हावरट म्हातारी. संध्याकाळ झाली तसं वर्षभराच्या सवयीने लिंबू कापलं, राख घेतली, तिचा हात ओढला. तिने हिसडा देऊन सोडवून घेतला आणि म्हणाली,

"आजी, सरांनी मागं बसवलं तेवा मना एवडं न्हाय लागलं. तू मोजे चडवलेस, तेवा लागलं. आता माजे हात कोनी घासायचे न्हाय, तू पन न्हाय. कोलंबी सोलीन न्हायतर न्हाय सोलनार, ती माजी मर्जी. उद्या मी हेच हात घेऊन पयल्या बाकावर बसनार. ज्याला वास येतो त्याने मोजे घालावेत."