पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच जमतंय बहुधा.

मी ओढ्यांचा अभ्यास करते. म्हणजे काय? वाहत्या पाण्यात उतरून जाळी धरायची आणि जाळीपुढचे दगड पायाने ढवळायचे. दगडांना चिकटलेले किडे वाहत जाळीत येतात. ते स्पिरिटच्या बाटलीत भरायचे, पुण्याला प्रयोगशाळेत आणायचे आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचे. तीन शेपट्यांच्या अळ्या भरपूर निघाल्या तर पाणी चांगलं, नुसत्या लाल अळ्या निघाल्या तर पाण्यात घाण. किडे खोटं बोलत नाहीत, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. मी सांगते, बघा!

घाटघरकडच्या एका वाडीत ठकूमावशींच्या घरी मी दोन वर्षं मुक्कामाला जात होते. त्यांच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट झालं होतं आणि त्याचं सांडपाणी ओढ्यात उतरत होतं. खेकडे दिसेनासे झाले, वाडीतली पोरं सारखी पोटाने आजारी. मावशी तक्रार घेऊन कुठेही गेल्या की पुरावा मागायचे. पुरावा माझ्या बाटल्यांत होता — रिसॉर्टच्या वरची एक आणि खालची एक, पाणी असेल त्या दर महिन्याला.

मावशी हौसेने माझ्याबरोबर पाण्यात उतरायच्या. चौथी शिकलेल्या. बाटलीच्या आत टाकायच्या चिठ्ठ्या त्याच लिहायच्या, जीभ दातांत धरून, टपोऱ्या अक्षरांत — जागा, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव. आणि पेन्सिलीनेच, कारण बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मग तो फेब्रुवारीतला दिवस. कसं सांगू? त्यात सांगण्यासारखं मोठं काही नव्हतंच. जुन्नरची जीप हॉर्न वाजवत होती आणि पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. मी मावशींच्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या आणि बॉलपेनने खरडल्या.

"ताई, पेन्सिलीनं लिवा की. तुमीच सांगितलं व्हतं. थांबा, इळ्यानं टोक काढून देते."

दोन मिनिटं गेली असती. मी थांबले नाही.

आठवड्याने बाटल्या काढल्या तर स्पिरिट निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या. कोणती वरची, कोणती खालची? लाल अळ्यांची खालचीच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जे सिद्ध करायचं तेच गृहीत कसं धरायचं? ओढा तोवर आटत आलेला, नमुने पुन्हा मिळणार नव्हते. खरं तर तो एक महिना टाकून दिला असता तरी भागलं असतं. पण याच चुकीसाठी माझ्या मार्गदर्शक सरांनी आधीच्या एका मुलीला घरी पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, हे कोणाचं काम? मी म्हणाले — मावशींचं.

किती सहज निघालं तोंडातून! सरांनी पुढे विचारलं, बाकीच्या चिठ्ठ्या कोणी लिहिल्या? त्याही मावशींनीच. हे मात्र खरं होतं. सरांनी दोन वर्षांच्या सगळ्या बाटल्या मावशींच्या तक्रारीवर द्यायच्या अहवालातून काढून टाकल्या. स्थानिक मदतनिसाने बॉलपेनने चिठ्ठ्या लिहिल्या, तिच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, त्यामुळे पाणी बिघडल्याचा पुरावा नाही — असं लिहिलं. तेव्हा तरी बोलायचं ना? मी ते पान टाइप करून दिलं.

अहवाल गावच्या सभेत वाचला गेला. रिसॉर्टचा माणूस पुढच्याच खुर्चीवर बसला होता. 'बॉलपेन' हा शब्द आला तशी मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नव्हत्या. वाचणाऱ्याची काहीतरी गफलत झाली, एवढंच त्यांना वाटलं असावं. त्या उभ्या राहिल्या.

"ताई हितंच हाईत ना, त्यास्नी इचारा. त्या खरं त्ये सांगतील."

सगळी सभा माझ्याकडे वळली. मी उठले आणि म्हणाले, अहवालात आहे ते बरोबर आहे.

मावशी खाली बसल्या. सभा सुटल्यावर माझ्यापाशी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "दोन वरसं माज्या चुलीपाशी जेवलात ना वो, ताई?" मी मान खाली घालून जीपकडे चालू लागले. भीती वाटली होती का? वाटली होती. पण त्या घटकेला भीतीपेक्षा सुटल्याचं बरं जास्त वाटलं, हेही आज सांगून टाकते.

तक्रार निकालात निघाली. रिसॉर्टचा पाइप आहे तिथेच आहे. मला दुसरा ओढा मिळाला, त्यावर डॉक्टरेट मिळाली. वाडीत मी परत पाऊल टाकलेलं नाही.

प्रयोगशाळेचं ते कपाट आता माझ्या ताब्यात आहे. बाटल्या खालच्या कप्प्यात आहेत. स्पिरिट उडून जातं, म्हणून दरवर्षी मीच भर घालते. मावशींच्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या काचेतून दिसतात. 'खालचा डोह. लिहिणार ठकूबाई.' एकही अक्षर पुसलेलं नाही.