पहिली मूठ

भिकुबाईला कुणी कामगारांची पुढारी म्हटलं की ती तोंडाला पदर लावून हसायची. "पुढारी कसानी माय? मी ते नुसती बाहेर उभी व्हती."

जळगावच्या माणकचंद शेठच्या जिनिंग फॅक्टरीत ती अकरा वर्षं रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढणारं यंत्र. तसे चाळीस होते आणि प्रत्येकापुढे कापूस घालायला एक बाई. दिवाळी झाली की हंगामाचा मुहूर्त व्हायचा. शेठ नारळ फोडायचे आणि पहिली मूठ कापूस रेच्यात घालायची ती भिकुबाईनेच. पहिल्या वर्षी तिचा हात लागला, हंगाम झकास गेला, तेव्हापासून शेठनी तो हात सोडला नाही. त्या मुठीमागे तिला एक लुगडं मिळायचं. शेजारच्या रेच्यावरची बेबाबाई त्या मानावर अशी जळायची की दोन वर्षं तिने भिकुबाईशी शब्द बोललेला नव्हता.

अडतीस साली फॅक्टरीत युनियन झाली. अभिमन फिटरने अर्ज लिहिला, की लेकुरवाळ्या बायांना दुपारी पोर अंगावर पाजायला अर्धा तास सुट्टी मिळावी. अंगठा द्यायला बाया घाबरत होत्या. भिकुबाईने आधी दिला. झालं! नव्या हंगामाच्या यादीत तिचं नाव नाही. मॅनेजर मोठा हुशार, म्हणे, "काढलं कुठे? यंदा घेतलं नाही, एवढंच." घरी नवरा कंबर धरून खाटेवर, पदरात दोन लेकरं. हंगाम गेला की तिचं वर्ष गेलं, हे काय मॅनेजरला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

तरी मुहूर्ताच्या सकाळी ती फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन उभी राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाया खाली मान घालून आत गेल्या. बेबाबाई मात्र धुवट लुगडं नेसून, ताठ मानेने. आज मूठ हिचीच, हे भिकुबाईने ओळखलं.

आत नारळ फुटला. इंजिनाचा धूर वर चढला. पण रेच्यांची घरघर काही केल्या ऐकू येईना.

मग अभिमन धावतच फाटकाशी आला. "अक्का, चला. शेठनी बोलावलंय." चालता चालता त्याने आतला प्रकार सांगितला. मॅनेजरने कापूस पुढे केला तो बेबाबाईच्याच. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "हाऊ मान भिकुबाईना शे. मी हात लावाव नही." मग दुसरी, तिसरी, सगळ्या रांगेनेच हात पदराखाली घेतले. मुहूर्त टळत चालला तसा शेठना घाम फुटला, आणि तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, भिकुबाई आहे कुठे?

भिकुबाईने मूठ भरली आणि रेच्यापुढे थांबली. "शेठ, सकाय मी कामवर येसू ना? आनि अंगावरना लेकरंसनं काय?"

शेठनी मॅनेजरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "ये. अर्धा तासही दिला. टाक माय आता."

शेठ दिल्या शब्दाला जागले, हे ती जन्मभर सांगायची. पण बेबाबाईचं नाव निघालं की तिचे डोळे भरून यायचे. मुहूर्ताच्या त्या संध्याकाळी भिकुबाई मिळालेलं लुगडं घेऊन तिच्या दारी गेली होती. बेबाबाईने त्याला बोटसुद्धा लावलं नाही. "मी तुनाकरता नही करं. उद्या माले काढतीन, तव्हय कोन उभं ऱ्हाई?"

म्हणू दे तिला काय म्हणायचं ते. भिकुबाईने त्या दिवसापासून तिचे उपकार मानले ते मानलेच.

सहा वर्षांनी बेबाबाईचे गुडघे धरले. उभं राहून काम होत नाही म्हणून मॅनेजरने तिचं नाव यादीत घातलं नाही. मुहूर्ताला शेठनी नेहमीसारखा भिकुबाईपुढे कापूस धरला. तिने फाटकाकडे पाहिलं. लिंबाखाली बेबाबाई उभी होती.

भिकुबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

शेठनी या खेपेला घड्याळही पाहिलं नाही. "फाटक उघडा," म्हणाले, "आणि तिला रेच्यापुढे बसायला स्टूल द्या."