एमंगची बेबाई

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, आणि अक्षर तर असं की कधीकधी माझं मलाच लागत नाही. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण बेबाईबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

बेबाई हे तिचं खरं नाव नव्हे. मी साउथहॅम्प्टनला मुलाकडे राहायला आले, त्याच आठवड्यात शेजारची चिनी म्हातारी कुंपणावरून ओरडली, "चिया पा बे?" मी नागपूरकडची. आमच्याकडे 'काय बे' पानठेल्यावरच्या पोरांना म्हणतात, पांढऱ्या केसांच्या बाईला नाही. मी सरळ आत जाऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा मिलिंद हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आला तेव्हा त्याला म्हटलं, "ती म्हातारी मला बे म्हणते." तो विचारून आला तो हसतच. "आई, ती विचारते, पोटभर जेवलीस का? त्यांच्या गावात हॅलोच्या ऐवजी असंच म्हणतात. आणि बे म्हणजे, झालं का, की अजून नाही."

मला लाज वाटली. आमच्या गावात तरी दारावरून जाणाऱ्याला दुसरं काय विचारतात? मग मीच कुंपणाशी जाऊ लागले. नाव मात्र बेबाईच पडलं, आणि तिला ते आवडायचं.

तिच्या गावाचं नाव एमंग. मिलिंदने फोनवर नकाशा दाखवला, त्यात शियामेन लिहिलं होतं. इंग्रज पूर्वी अमॉय म्हणायचे. बेबाईचं इंग्रजी तिच्या टेकअवेच्या, म्हणजे जेवण बांधून देण्याच्या दुकानाच्या, काउंटरपुरतं, माझं त्याहून कमी. म्हणून ती गाव चहाच्या ट्रेमध्ये मांडायची. ट्रेमध्ये सांडलेला चहा म्हणजे समुद्र. किटली म्हणजे एमंग. शेजारी एक इवलासा कप, ते गोऱ्यांचं बेट. तोफा लावून त्यांनी बंदर उघडायला लावलं आणि त्या बेटावर बंगले बांधले. तिच्या आजीला किनाऱ्यावर मासे साफ करताना पलीकडचा पियानो ऐकू यायचा म्हणे.

चहाला ते लोक 'ते' म्हणतात. त्याचा बेबाईला फार अभिमान. "इंग्लिश पीपल से टी. माय टाउन वर्ड!" मग एकेक बोट दुमडत मोजायची. "दे टेक टी. दे टेक वर्ड. दे गिव्ह, व्हॉट? ओपियम!" आणि एवढी हसायची की कवळी सांभाळावी लागे.

दुसरा कप ती लांब ट्रेच्या कडेला ठेवायची. तेव्हा हसायची नाही. ते दुसरं बेट, तिथे तिची मोठी बहीण दिलेली होती. मग त्यांच्या देशात आपसातच लढाई झाली, एमंग एका सरकारकडे गेलं आणि बेट दुसऱ्या सरकारकडे राहिलं. बहिणीच्या गावचा धूर दिसे, पण जायला होडी नाही. दोन्हीकडून तोफा चालत, आणि भोंग्यांवरून बायकांच्या आवाजात एकमेकांना बोल लावत. बेबाईची आई भोंगा सुरू झाला की कान देऊन बसे. त्यातला एखादा आवाज आपल्या लेकीचा असेल, असं तिला वाटे.

माझ्या घरी बुद्धाचा फोटो बघून तिने हात जोडले आणि बराच वेळ काहीतरी मागितलं. मी म्हटलं, "आम्ही बुद्धाकडे मागत नाही." तिने विचार केला. "यू नॉट आस्क? गुड. देन आय आस्क फॉर यू टू."

तिच्या गावचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजाने बाहेर जायचे. तिचा नवराही बोटीवरचा स्वयंपाकी. त्याच्यामागे ती हाँगकाँगवरून इथे आली, दोन वर्षांत परत येते असं आईला सांगून. मग दुकान झालं, मुलगी झाली, आणि आई गेल्याचं पत्राने कळलं. मुलगी ज्युली. शाळेत कुणी हसू नये म्हणून बेबाई तिच्याशी तोडकंमोडकं का होईना, इंग्रजीच बोलली. एमंगची बोली घरात नवरा-बायकोपुरती राहिली. नवरा गेल्यावर तेवढीही राहिली नाही. माझ्याशी मात्र ती त्या बोलीत बोलायची. मला चूक काय नि बरोबर काय, दोन्ही सारखंच.

पुढे ती विसरायला लागली. आधी गॅस, मग रस्ता, मग इंग्रजी. ज्युलीने तिला केअर होममध्ये ठेवलं. एका रविवारी ज्युली बेसिंगस्टोकहून येऊन माझ्या दारात उभी राहिली. "आंटी, मम इज नॉट ईटिंग. शी कीप्स आस्किंग समथिंग, नोबडी अंडरस्टँड्स. प्लीज, यू कम." मी बसच्या ड्रायव्हरशी बोलताना घाबरणारी बाई. तरी गेले.

बेबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला बघून म्हणाली, "चुन लाय बे?" एवढं मला येत होतं. बोट आली का? बोट निघून जाईल म्हणून ती जेवायला बसत नव्हती. मी म्हटलं, "याउ बे." अजून नाही. तिने मान हलवली आणि तोंड उघडलं. ज्युली तिला सूप भरवत होती आणि रडत होती. त्यानंतर मी रोज जाऊ लागले. रोज ती विचारायची, रोज मी अजून नाही म्हणायचे, आणि ती चार घास खायची.

मार्चमध्ये नर्सने ज्युलीला बोलावून घेतलं. मलाही. बेबाईने विचारलं, पण आवाज फुटेना, नुसते ओठ हलले. त्या दिवशी मला 'याउ बे' म्हणवेना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "लाय आ." आली.

तिचा चेहरा मोकळा झाला. मग तिने ज्युलीकडे बघितलं, अगदी ओळखून बघितलं, आणि आपल्या बोलीत एक लांब वाक्य बोलली. हळू, पण सबंध. मधे एकदा दमली, थांबली, आणि पुरं केलं.

ज्युली माझ्याकडे वळली. "आंटी, व्हॉट डिड शी से?"

खाणं, चहा, बोट, येणं, जाणं. माझ्याकडे एवढेच शब्द होते, आणि त्यातला एकही त्या वाक्यात नव्हता. काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण ते वाक्य ज्युलीचं होतं, मी कशी भर घालू?

"मला नाही कळलं गं," मी म्हटलं. ते मराठीत म्हटलं. पण ज्युलीला समजलं.