दोर कुणाच्या हातात

मला एका जागी बसून किस्सा सांगता येत नाही. उभं राहून, येरझाऱ्या घालत, मधेच दारातून डोकावत सांगायची सवय. त्यात आमचे खडक चढण्याचे किस्से असे की, एक ओढून काढावा तर त्याला धरून आणखी तीन बाहेर येतात. ऐकणाऱ्याचा चहा गार होतो आणि माझा तर हातातच राहतो.

आम्ही चौघं. मी प्रमोद, बावड्यात ठिबकचं दुकान. राहुल इंदापुरात बँकेत. अश्विनी बारामतीच्या एका शाळेत पीटी शिकवते. आणि कोऱ्हाळे बुद्रुकचे गणपततात्या, साठी ओलांडलेले, सगळी हयात विहिरी खोदण्यात गेलेली. तात्यांकडे आम्ही दोराची एक गाठ शिकायला गेलो होतो. गाठ दाखवायला म्हणून ते आमच्याबरोबर आले, ते परत गेलेच नाहीत.

*

माळावर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथं आमचा सराव. चाळीस फुटांचा उभा कडा. रविवारी सकाळी मी निम्म्यात लटकलोय, घामानं डोळे चरचरतायत, आणि खाली एक शेतकरी मोटारसायकल लावून तासभर बघत उभा. मी खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, वर काय हाय? म्हटलं, काही नाही. मग कशाला गेलता? म्हटलं, असंच.

त्यानं कडा पुन्हा एकदा खालून वरपर्यंत बघितला. मग गाडीला किक मारली आणि मला समजावल्यासारखा म्हणाला, "मागनं वाट हाय की, भाऊ. ट्रॅक्टर जातो वरपर्यंत."

*

आमचा दोर कड्याच्या माथ्यावर ठोकलेल्या कडीतून खाली येतो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली उभ्या राहणाऱ्याच्या हातात. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात, एवढं समजलं की बास.

तात्या पहिल्यांदा दोर धरायला उभे राहिले तेव्हा वर मी होतो. मधेच दमलो आणि ओरडलो, "तात्या, घ्या!" म्हणजे दोर ताणून धरा, मला जरा विसावू द्या. पण तात्यांचा जन्म गेला विहिरीतले दगड वर ओढणाऱ्या यारीवर. खालून कुणी 'घ्या' म्हणालं की दगडाची बुट्टी वर घ्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी दोर खांद्यावर टाकला आणि उसाच्या दिशेनं सरळ चालू लागले. माझं वजन बावन्न किलो. खडकाला हातसुद्धा न लावता मी वर पोचलो.

खालून तात्यांचा आवाज आला, "रिकामी करून पाठवा!"

*

मग अश्विनीनं ठरवलं की मराठी बंद. सगळं जग 'घ्या'ला 'टेक' म्हणतं, आपणही 'टेक' म्हणायचं. तात्यांनी मान डोलावली.

ती चढली, मधे थांबली, म्हणाली, "टेक." तात्यांनी मागं बघितलं, एक बरा दगड निवडला आणि त्यावर टेकले. या खेपेला दोर त्यांच्या कमरेलाच बांधलेला, तो बरोब्बर ताणला गेला. अश्विनी वरून म्हणाली, एकदम परफेक्ट, तात्या. तात्या जरा नाराजच झाले. नुसतं बसायचंच होतं तर एवढे दिवस उभं कशाला केलं, असं त्यांचं म्हणणं.

*

अश्विनीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं तिचा हात हातात घेतला. तळव्याला घट्टे, बोटं खरवडलेली. बाई हरखल्याच. पोरगी शेतात राबणारी दिसतीय म्हणून तिथल्या तिथं पसंती कळवली. बागायत मोठी, मुलगा चांगला, घरचे खूश.

अश्विनीनं नकार दिला. आम्ही कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांनी मला न्हाय, खुरपं पसंत केलंय."

*

आता हा सांगायचा का, म्हणून मी दरवेळी दोनदा दारापर्यंत जाऊन येतो. सांगितल्याशिवाय पुढचा कळत नाही.

खाणीवर राहुल चढत होता आणि दोर माझ्या हातात होता. राहुल आमच्यात सगळ्यात चांगला चढणारा. त्याची बोटं निसटायला लागली. अशा वेळी कुठलं इंग्रजी आठवतंय? तो मराठीत ओरडला, "सोडतोय!" म्हणजे मी हात सोडतोय, तू धर. नेमकी त्याच वेळी खाणीच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली चाललेली, टेप फुल आवाजात. त्या गाण्यात शेवटची अक्षरं गेली. मला ऐकू आलं, "सोड!"

मी सोडला. हुकूम पाळल्यासारखा सोडला.

बारा फूट खाली कपारीवर त्याचा पाय आदळला. घोट्याचं हाड मोडलं. तात्यांनी त्याला पाठीवर घेऊन खाणीतून वर आणला, मी मागं नुसता त्याचा बूट घेऊन चालत होतो.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो. त्याच्या आईनं नेहमीसारखं जय भीम केलं, नेहमीसारखा चहा दिला. एक वाकडा शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. राहुल म्हणाला, होतं असं, सोडून दे. आणि 'सोडून दे' म्हणाल्यावर आम्ही दोघांनीही एकदम कप तोंडाला लावले.

*

त्यानंतर माझ्या हाताचं काहीतरी बिनसलं. दुकानात गिऱ्हाइकाला पाइपचं बंडल दिलं. तो ओढतोय, मी धरूनच. त्यानं पुन्हा ओढलं, मी आणखी आवळलं.

"आवो, पैसं दिल्यात मी," तो म्हणाला. "आता तरी सोडा."

*

राहुलचं प्लास्टर निघालं, तो परत चढायलाही लागला. पण माझ्या दोरावर कधी नाही. कधी तात्या हायत की, म्हणायचा. कधी म्हणायचा, तू फोटो काढ, तुझे फोटो चांगले येतात. दीड वर्ष मी फोटो काढले. माझ्या मोबाइलमध्ये राहुलच्या पाठीचे दोनशे फोटो आहेत. तो मला एकदाही टाकून बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी खाऊन मोकळा झालो असतो. मला एवढंच पाहिजे होतं की त्यानं एकदा, फक्त एकदा, दोर माझ्या हातात द्यावा. पण असं मागायचं कसं?

*

गेल्या हिवाळ्यात आम्ही राजस्थानात गेलो, जोधपूरच्या पुढं, वाळवंटातले खडक चढायला. राहुलनं तिथला एक साठ फुटी खडक फोटोत बघून ठेवला होता. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा बँकेत बसून रोज तो फोटो बघायचा.

तिथल्या वाडीवर बोलता बोलता कळलं की तात्या विहिरी खोदतात. झालं! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उंट घेऊन सात माणसं दारात. आमच्याकडं कुठं पाणी लागेल, दाखवा. तात्यांना हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तरी तात्या उंटावर बसून निघाले, आणि जाताना वरूनच आम्हाला सांगून गेले, "तुमी खेळा. मला काम आलंय."

*

त्यामुळं शेवटच्या दिवशी काय झालं, तर तात्या उंटावर गेलेले. अश्विनीची बोटं त्या खरखरीत दगडानं सोललेली, पट्ट्या गुंडाळून ती सावलीत बसलेली, तिला चमचा धरवत नव्हता. संध्याकाळची गाडी. आणि राहुल त्याच्या खडकाखाली कमरेला दोर बांधून उभा.

अर्धा तास तो वाडीच्या वाटेकडं बघत होता. मी इकडून तिकडं, तिकडून इकडं. मोबाइल हातात घेतला, खिशात घातला. फोटो काढू का, असंही विचारून झालं.

त्यानं दोराचं दुसरं टोक उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

मी गाठ तीनदा तपासली. तो चढायला लागला. माझी नजर दोरावरून हलली नाही, ढील पडेल म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. पन्नास फुटांवर तो थांबला. जागा सोपी होती, दोन्ही पाय पक्के, हाताला चांगली पकड. मला कळेना, हा थांबला का. त्यानं मान वळवून एकदा खाली माझ्याकडं बघितलं.

आणि दोन्ही हात सोडून दिले.

दोराला हिसका बसला, मी दोन पावलं पुढं ओढला गेलो, गुडघा खडकावर आपटला. पण मूठ मिटलेली होती. वर राहुल दोराला लोंबकळत होता, निवांत, झोक्यावर बसल्यासारखा.

त्याला हळूहळू खाली घेतला. तोंडातून कसंबसं निघालं, "अरे, हात सोडणार हे सांगायचं तरी!"

राहुल कमरेची गाठ सोडत म्हणाला, "एकदा सांगून बघितलं की."