विकतचा गंज

मी ज्या जागेची व्यवस्था बघते तिथे गंज रंगवून घेतात. खोटं नाही सांगत. पुण्याहून एक डिझायनर बाई येतात, सोबत त्यांचा पेंटर, आणि तो पेंटर स्पंज आणि तपकिरी-नारिंगी रंगाचे डबे घेऊन चांगल्या धडधाकट लोखंडाला गंज चढवतो. एकदा एका खांबाचा गंज बाईंना फिका वाटला, तर त्याला दुसरा हात मारायला लावला.

जागा म्हणजे नागपुरातली एक जुनी कापड मिल. मिल बंद पडली, बरीचशी पाडली, आणि जिथे माग चालायचे ते एक लांबलचक शेड तेवढं उरलं. गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याने ते घेतलं. याच मिलचं कापड विकून त्याच्या आजोबांनी दुकान उभं केलं होतं. नातू आता मिलच भाड्याने देतो. शेड म्हटलेलं त्याला खपत नाही, 'स्पेस' म्हणायचं. तिथी असेल तेव्हा स्पेसमध्ये लग्नं होतात आणि तिथी नसेल तेव्हा क्रिएटिव्ह कार्यक्रम. मागच्या उन्हाळ्यात एका तरुण कवीने गिरणी कामगाराच्या घामावर कविता वाचली. तिसऱ्या कडव्याला तो थांबला आणि मला एसी वाढवायला सांगितला. मी वाढवला, मला त्याचाच पगार मिळतो.

माझे बाबा याच शेडमध्ये फिटर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि चालू करून पुढच्या पाळीच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. मला इथे नोकरी लागली तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने पेढे खाल्ले, बाबांनी मात्र पेढा हातात घेऊन खाली ठेवला. ते मिलबद्दल बोलत नाहीत. आईनेच सांगितलं होतं, की एक दिवस ते दुसऱ्या पाळीला गेले तर गेटला कुलूप होतं, आणि संध्याकाळी डबा भरलेलाच घरी आला. त्यानंतर बाबांनी त्या रस्त्यानेही जाणं सोडलं. बाजारात जायचं तर लांबून वळसा घालतात.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, मुलगा कुही गावचा. आमच्याकडे काम करणाऱ्यांना घरच्या कार्यासाठी हॉल मिळतो, आणि बहिणीला तर फोटोंसाठी तोच हवा होता. बाबा म्हणाले, "मी नाही येत वं. ज्या गेटानं मले परत धाडलं, त्या गेटात मी पाय ठेवत नाही." बहीणही त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, तुम्ही नसाल तर मी कन्यादान होऊच देणार नाही, कोर्टात जाऊन सही करीन. आठ दिवस दोघं एकमेकांशी आईमार्फत बोलत होते. मला माझा फार राग आला. हॉलचं मीच सुचवलं होतं, आणि आता माझ्या हौसेपायी बाप मुलीच्या लग्नात नसणार, ही भीती मला जेवू देईना.

शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा आले. "मांडव पाहून जातो," एवढंच म्हणाले. गेटाशी स्कूटर बंद केली, थोडा वेळ तशीच धरून उभे राहिले, मग ढकलत आत आणली.

स्टेजच्या मागे आम्ही एकच माग ठेवला आहे, बाकीचे भंगारात गेले. डिझायनर बाई त्याला 'हीरो पीस' म्हणतात. नवरा-नवरी त्याला टेकून फोटो काढतात, आणि कपड्याला रंग लागू नये म्हणून आम्ही गंजावर पारदर्शक लॅकर मारतो. बाबा सरळ त्याच्यापाशीच गेले.

"हे काय लागलं याले?"

"रंग आहे बाबा. गंजाचा."

"गंजाचा रंग काहून?"

"लोकांना आवडतं."

त्यांनी नखाने खरवडलं, वास घेतला. मग माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी निकालपत्रिका दाखवताना वाटायची तशी लाज वाटली. "उद्या कुहीचे पाव्हणे येतीन," ते म्हणाले. "फिटरच्या पोरीचं लग्न, अन् फिटरची मशीन अशी? काय म्हणतीन लोक?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना तो माग देखावा वाटायचा. बाबांना ती आपण घाण ठेवलेली मशीन वाटली.

ते घरी गेले आणि अर्ध्या तासात पान्यांची पिशवी अन् तेलाची कुप्पी घेऊन परत आले. घासायला रॉकेल मागितलं. रॉकेल आता कुठे मिळतं? मी जनरेटरचं डिझेल काढून दिलं. पुसायला चिंधी मागितली, तर डेकोरेशनचं जास्तीचं झिरझिरीत कापड पडलं होतं ते दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, म्हणाले, "इतकं ढिलं कापड तर चेकिंगवालाच वापस करत होता," आणि पुसायला घेतलं. मी त्यांना थांबवायला हवं होतं. माझी नोकरी जाईल हे मला स्पष्ट दिसत होतं. पण मी बाजूला खुर्ची टाकून बसले आणि खरं सांगते, कित्येक वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. दिवे लागायच्या आत माग काळाभोर, तुकतुकीत झाला. बाबांनी चाक हाताने फिरवून पाहिलं आणि ते फिरलं.

दुसऱ्या दिवशी कुहीचे पाव्हणे आले. धानाची शेती करणारी माणसं, घर बांधलं की आधी गिलावा बघणारी. नवरदेवाच्या मोठ्या काकांनी आमच्या उघड्या विटांच्या भिंतींवर नजर फिरवली. त्या विटा उघड्या करायला बाईंनी दोन महिने घेतले होते. काका मला धीर देत म्हणाले, "प्लास्टर राहून गेलं वाटते. होऊन जाईन हळूहळू." मग मागाकडे पाहून, "ही मशीन मात्र चांगली ठेवली हाय." बाबा शेजारीच होते. त्यांनी टोपी सारखी केली. कन्यादान त्यांनीच केलं.

अक्षता पडल्यावर मालक फुलांचा गुच्छ घेऊन आला. स्टेजपर्यंत पोचला आणि गुच्छ हातातच राहिला.

"अरे यार, हे कोणी केलं?"

बाबा उठून उभे राहिले. सासऱ्याच्या मानाची खुर्ची, खांद्यावर नवा शेला, आणि उभे मात्र साहेबापुढे राहतात तसे. "मी केलं साहेब. लूम चालू हाय. पट्टा लावला का चालते."

मालक माणूस वाईट नाही, भर लग्नात ओरडला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, "काका, चालू नको ना आपल्याला. बंदच पाहिजे. लोक बंद मिल पाहायले येतात."

"हो," बाबा म्हणाले. "आमालेबी तसंच सांगतलं होतं." आणि पाव्हण्यांची पंगत बसली का ते बघायला गेले.

सोमवारी पेंटर आला. त्याने गंज चढवला. मंगळवारी तो ओघळून खाली आला. लोखंडाच्या सांध्या-सांध्यात बाबांनी तेल मुरवलं होतं, रंग धरेना. पेंटरने पुसून पुन्हा लावला, पुन्हा ओघळला. गुरुवारी त्याने हात टेकले. मी चेहरा गंभीर ठेवून रोज बाईंना फोटो पाठवत होते.

पण बाईंना शहाणपणात हरवणं सोपं नाही. त्यांनी फोनवरच तोडगा काढला. आता गंज जुना झाला, आता 'रिस्टोर्ड' चालतं. आणि नुसती मशीन कशाला, ओरिजिनल कामगारही आहेच की. खाकी कपडे घालून, हातात तेलाची कुप्पी घेऊन कार्यक्रमाच्या वेळी त्याने मागाशेजारी बसायचं, मधूनमधून चाक फिरवायचं. पाव्हण्यांना काय अनुभव मिळेल! मालक खूश झाला. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारा ना बाबांना."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाला याच गेटाबाहेर उभं केलं, त्याला आता शोभेला बसवता? राजीनामा मी मनात लिहूनसुद्धा टाकला. घरी जाताना ठरवलं, की बाबांना सगळं जसंच्या तसं सांगायचं, खाकी कपड्यांसकट, म्हणजे ते भडकतील आणि मग उद्या मालकाच्या तोंडावर दोघांचा राग एकदमच फेकता येईल.

बाबा चहा पीत होते. मी सांगितलं. खाकी म्हणताना आवाज मुद्दाम चढवला. त्यांनी सगळं ऐकलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "पाळी कोणती?"

लग्नं संध्याकाळची असतात, एवढंच मला आठवलं. "दुसरी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आईला हाक दिली, "अवं, डबा लागन आता."

"बाबा, तिथे पाचशे पानं उठतात. डबा कशाला?"

"कामावर असतानी कोणी पंगतीत बसते काय?" ते म्हणाले. तोवर आईने स्टूल ओढून माळ्यावर डबा शोधायला घेतला होता.