इंजिन गार असताना

आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांनी माझ्या टॅक्सीचं इंजिन उघडून नव्याने बांधायला घेतलं. मी नको म्हणाले, पण खरं सांगायचं तर फार जोर लावला नाही. एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं.

बाबांना सगळे कानसेन म्हणतात. गाडी फाटकातून आत येईपर्यंत त्यांनी अर्धा रोग ओळखलेला असतो. उरलेला अर्धा ओळखायचा तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. त्या वेळी कुणी शिंकलेलंही खपत नाही. माझ्या लग्नात सगळे फोटोला उभे होते आणि हे रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचं बेअरिंग गेलंय म्हणून हळहळत होते. असल्या माणसाने बांधलेलं इंजिन आवाज करायला लागलं तर लेकीने काय करावं?

पहिल्याच सकाळी आवाज आला. टक टक टक, आतून कुणी बोटाने दार वाजवावं तसा. दहा मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज गेला. नवीन आहे, बसेल हळूहळू, म्हणून मी गप्प राहिले. चार दिवस रोज सकाळी तेच झालं, तेव्हा कळलं की हे आपोआप जाणारं दुखणं नाही.

पण सांगायचं कसं? आई गेल्यापासून बाबा जेवा म्हटलं की जेवत आणि झोपा म्हटलं की आडवे होत. गाडी देताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले होते, "यात माझी चूक निघाली तर मी पाने कायमचे खाली ठेवीन." चिडून नाही, उद्या नळाला पाणी नाही असं सांगावं तसं. पाने गेले तर त्यांच्याकडे दुसरं उरलंच काय होतं?

मग मी एक शहाणपणा केला. बाबांच्या गॅरेजवर जायचं असलं की आधी कोपऱ्यावर गाडी चालू ठेवायची, इंजिन चांगलं तापवायचं आणि मगच आत शिरायचं. कशी चालतेय, ते विचारत. लोण्यासारखी, मी सांगे. जीभ जराही अडखळत नव्हती. त्या दिवसांत खोटं काय आणि खरं काय, मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

महिनाभर खपलं. मग एका सकाळी आईची उरलेली औषधं कुठे परत करायची हे विचारायला बाबा चालत माझ्या घरी आले. मी अंघोळ करत होते. माझ्या नवऱ्याने, त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, रस्त्यात आडवी येते म्हणून गाडी चालू केली. मी ओल्या केसांनी धावत खाली गेले, तर बाबांनी बॉनेट उघडलेलं. गार इंजिन इमानाने टकटकत होतं.

डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी मूठ कानाला लावली. मग प्लगची एकेक वायर काढून परत बसवत गेले. तिसरी काढली आणि आवाज दबला.

"तीन नंबरचा पिस्टन उलटा बसलाय," ते म्हणाले.

पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला हवा, हे काम शिकायला आलेल्याला पहिल्या आठवड्यात सांगतात. किती दिवसांपासून वाजतंय, त्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसती मान हलवत राहिले.

"झालं कसं, बाबा?"

ते फडक्याने हात पुसू लागले. "हेड बसवायच्या आधी मी विचारतो, बाण पुढे? ती टॉर्च धरून बघते आणि हो म्हणते. तीस वर्षं. या वेळीही विचारलं. जरा थांबलो. मग पुढे गेलो."

आईला गाडी चालवता येत नव्हती, पण तिच्या होकाराशिवाय बाबांनी एकाही इंजिनावर हेडचं झाकण बसवलं नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बाबा माझं इंजिन बांधत होते त्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, कारण आई बसायची त्या रिकाम्या स्टुलाकडे बघायची माझी तयारी नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या कुणाकडून करून घे, बाबा म्हणाले. आता मात्र माझं डोकं फिरलं. तुम्ही बांधलंय तर तुम्हीच निस्तरा, पाने काय ते नंतर ठेवा खाली, असं मी भर रस्त्यात सुनावलं.

इंजिन उघडलं. तीन नंबरचा बाण मागे होता. त्यांनी पिस्टन काढून सरळ बसवला, गॅस्केट हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. विचारेनात. मीच टॉर्च उचलला.

"विचारा," मी म्हणाले.

"बाण पुढे?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात राग होता. "न बघता हो म्हणू नकोस. ती बघायची."

मी वाकले. डोळे भरून आले होते, काही दिसेना. बाहीने पुसून एकेक करत चारही बघितले. चारही बाण पुढे होते. तसं सांगितलं, तेव्हाच त्यांनी हेड उचललं.